1992 ची ब्रिटिश निवडणूक: चाचण्यांनी काय मोजलं, मतदारांनी काय तोललं

9 एप्रिल 1992, गुरुवार. रात्री दहा वाजता ब्रिटनमधलं मतदान संपलं आणि बीबीसीने आपल्या एक्झिट पोलचे आकडे जाहीर केले. हुजूर पक्ष 301, मजूर पक्ष 298. सभागृह 651 जणांचं, म्हणजे बहुमत कुणालाच नाही. आयटीएन या दुसऱ्या वृत्तवाहिनीची चाचणी वेगळ्या संस्थेने केली होती. तिचाही निष्कर्ष त्रिशंकू संसदेचाच. त्या सकाळच्या मोठ्या वर्तमानपत्रांतल्या शेवटच्या चाचण्या पाहिल्या तर एकीत मजूर पक्ष तीन टक्क्यांनी पुढे, दुसरीत एका टक्क्याने पुढे, तिसरीत दोन्ही पक्ष बरोबरीत, आणि गॅलपच्या चाचणीत हुजूर पक्ष जेमतेम अर्ध्या टक्क्याने पुढे.

प्रत्यक्षात हुजूर पक्षाला 336 जागा मिळाल्या, मजूर पक्षाला 271, लिबरल डेमोक्रॅटना 20. मतांची टक्केवारी 41.9 विरुद्ध 34.4. जॉन मेजर 21 च्या बहुमताने पंतप्रधानपदी कायम राहिले आणि त्यांच्या पक्षाला 1 कोटी 40 लाखांहून अधिक मतं पडली. ब्रिटनमध्ये एका निवडणुकीत इतकी मतं तोवर कुठल्याही पक्षाला मिळाली नव्हती. शेवटच्या चाचण्यांची सरासरी मजूर पक्षाला साधारण एका टक्क्याची आघाडी देत होती. म्हणजे आघाडीच्या अंदाजात आठ टक्क्यांहून मोठी चूक झाली, आणि तीही एकट्यादुकट्या संस्थेची नाही, सगळ्यांची एकाच दिशेने.

या प्रकरणाची एक गोष्ट गेली तीन दशकं सांगितली जाते. मजूर पक्ष जिंकत होता, शेफील्डच्या सभेत पक्षाचे नेते नील किनॉक यांनी विजयाच्या थाटात घोषणा दिल्या, मतदार बिचकले आणि शेवटच्या आठवड्यात फिरले. गोष्ट रंगतदार आहे, पण माझ्या मते तिचा पायाच कच्चा आहे. मतदार मोठ्या संख्येने फिरले होते असं म्हणायला आधार कुठला? त्याच चाचण्यांचा, ज्या पुढे चुकीच्या ठरल्या.

निवडणुकीआधीची स्थिती

नोव्हेंबर 1990 मध्ये मार्गारेट थॅचर यांना त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी पायउतार व्हायला लावलं. घरटी कराऐवजी माणशी आकारलेल्या पोल टॅक्सने लोक संतापले होते, युरोपच्या प्रश्नावर मंत्रिमंडळात फूट होती. त्यांच्या जागी आलेले मेजर तेव्हा 47 वर्षांचे. दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनमध्ये भाड्याच्या खोल्यांत वाढलेले, सोळाव्या वर्षी शाळा सोडलेले. पक्षाने हे भांडवल नेमकं वापरलं. श्रमिक घरातल्या ब्रिक्स्टनच्या मुलाला हुजूर पक्ष काय देतो, तर पंतप्रधानपद, अशा आशयाचं पोस्टर त्या प्रचारात झळकलं.

किनॉक 1983 पासून मजूर पक्षाचे नेते. वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, पट्टीचा वक्ता. पक्षात शिरलेल्या मिलिटंट या कडव्या गटाला त्यांनी 1985 च्या बोर्नमथ अधिवेशनात जाहीरपणे सुनावलं आणि मग बाहेर काढलं. एकतर्फी अण्वस्त्रत्यागाचं धोरण सोडायला पक्षाला भाग पाडलं. 1983 मध्ये 28 टक्क्यांच्या खाली गेलेला पक्ष त्यांनी पुन्हा सत्तेच्या जवळ आणला. पुढे टोनी ब्लेअर यांना जो पक्ष हाती मिळाला त्याची खडतर मशागत किनॉक यांनी केली होती, आणि त्याचं श्रेय त्यांना फार कमी मिळालं असं मला नेहमी वाटतं.

देशात मंदी होती. सुमारे 26 लाख लोक बेरोजगार होते. व्याजदर चढे असल्याने कर्ज काढून घर घेतलेल्यांचे हप्ते थकत होते, घरं जप्त होत होती. सत्ताधाऱ्यांना घरी पाठवायला यापेक्षा जास्त काय लागतं, असा प्रश्न पडावा अशी ती वेळ. 10 मार्चला अर्थमंत्री नॉर्मन लॅमोंट यांनी अर्थसंकल्प मांडला, करपात्र उत्पन्नाच्या पहिल्या 2,000 पौंडांवर कराचा दर 20 टक्क्यांवर आणला, आणि दुसऱ्याच दिवशी मेजर यांनी निवडणूक जाहीर केली.

एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला वेगळी समजवावी लागत नाही. मेजर हवेत की किनॉक, यावर थेट मत द्यायची सोय तिथेही नाही. मेजर यांच्या नावापुढे फुली मारायची सोय फक्त हंटिंगडनच्या मतदाराला, किनॉक यांच्यापुढे फक्त इस्लविनच्या. बाकी सगळ्यांनी आपल्या भागातला उमेदवार निवडायचा आणि त्यातून पंतप्रधान घडायचा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, या निवडणुकीत मत देता येतं. त्यामुळे लंडन किंवा लेस्टरमधल्या मराठी, गुजराती, पंजाबी घरांपुढेही हाच हिशोब होता. लेस्टर पूर्वमध्ये गोव्याशी नातं असलेले कीथ वाझ मजूर पक्षाचे खासदार होते आणि या निवडणुकीतही ते निवडून आले. तिथल्या मतदाराला उमेदवार पसंत असेल आणि पक्षाचा नेता नसेल, किंवा उलट, तर करायचं काय? हा पेच देशभर होता.

कराचा प्रश्न

प्रचारातलं सर्वांत धाडसी पाऊल मजूर पक्षाचे अर्थविषयक प्रवक्ते जॉन स्मिथ यांनी उचललं. 16 मार्चला त्यांनी पर्यायी अर्थसंकल्प मांडला, अगदी खऱ्या अर्थमंत्र्यासारखा. निवृत्तिवेतनात एकट्या व्यक्तीला आठवड्याला 5 पौंड आणि जोडप्याला 8 पौंड वाढ, मुलांच्या भत्त्यात वाढ. खर्च भागवायला प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर 40 वरून 50 टक्के, आणि नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विम्याच्या वर्गणीला असलेली उत्पन्नाची वरची मर्यादा रद्द. पक्षाचं म्हणणं असं की दहापैकी आठ कुटुंबांचा यात फायदाच आहे.

गणित खोटं नव्हतं. पण ती मर्यादा वर्षाला सुमारे 21,000 पौंडांच्या उत्पन्नावर होती. देशाच्या उत्तरेत एवढी कमाई म्हणजे सुस्थिती. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये तेवढ्या पगारात घराचा हप्ता भरून महिना काढणारे मुख्याध्यापक, पोलीस अधिकारी, कारखान्यातले जास्त वेळ काम करणारे कुशल कामगार होते. आणि त्याहून महत्त्वाचं, आज 15,000 पौंड मिळवणारा माणूस दहा वर्षांनी 22,000 मिळवण्याची उमेद बाळगून होता. त्याला आजचा फायदा दिसत होता तसा उद्याचा करही दिसत होता. काठावरचे मतदारसंघ नेमके याच पट्ट्यात जास्त होते. हुजूर पक्षाने तर जानेवारीपासूनच मजूर पक्ष आला की हजार पौंडांहून अधिक जादा कर, असा बॉम्बगोळा पोस्टरांवर रंगवला होता. तो आकडा ओढूनताणून काढलेला होता, तरी स्मिथ यांच्या प्रामाणिक कागदाने त्याला आधार मिळाला. खर्च कुठून करणार ते निवडणुकीआधी सांगणाऱ्या पक्षाला शिक्षा झाली आणि त्यापासून ब्रिटनमधल्या सगळ्याच पक्षांनी करांबद्दल शक्य तेवढं गप्प राहायचा धडा घेतला. मला हे या निवडणुकीचं सर्वांत वाईट फळ वाटतं.

24 मार्चच्या प्रचारफितीचं प्रकरणही असंच भरकटलं. कानाच्या शस्त्रक्रियेसाठी ताटकळणाऱ्या लहान मुलीची कथा मजूर पक्षाने दाखवली. सरकारी आरोग्यसेवेतल्या प्रतीक्षायाद्यांवर बोलणं व्हायला हवं होतं, तर पुढचे काही दिवस देश चर्चा करत बसला की त्या मुलीचं नाव वर्तमानपत्रांना कुणी पुरवलं. आरोग्यसेवा हा मजूर पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. तोच हातातून निसटला.

चाचण्यांचा प्रचारावर झालेला परिणाम

1 एप्रिलला एकाच दिवशी तीन चाचण्यांनी मजूर पक्षाला 4 ते 7 टक्क्यांची आघाडी दिली. त्याच संध्याकाळी शेफील्डच्या बंदिस्त मैदानात पक्षाचे दहा हजार समर्थक जमले. छायामंत्र्यांची, म्हणजे एकेका खात्यासाठी नेमलेल्या विरोधी पक्षाच्या प्रवक्त्यांची, ओळख भावी मंत्री म्हणून करून दिली गेली. किनॉक हेलिकॉप्टरने आले होते. व्यासपीठावर चढून त्यांनी गर्दीला पुन्हा पुन्हा आरोळी दिली. सभागृहातल्यांना ते स्फुरण चढवणारं होतं. घरी टीव्हीवर तो तुकडा पाहणाऱ्याला तो निकालाआधीचा विजयोत्सव वाटला असणार, यात शंका नाही.

मेजर यांनी उलट वाट धरली होती. 28 मार्चला लूटनमध्ये ते लाकडी खोक्यावर उभे राहिले आणि हातात भोंगा घेऊन घोळक्याशी, आरडाओरडा करणाऱ्या विरोधकांशी थेट बोलले. पक्षाच्या प्रचारतज्ज्ञांना हा प्रकार पंतप्रधानाला न शोभणारा वाटला. मेजर यांनी मात्र तो शेवटपर्यंत सोडला नाही. दोघांची समोरासमोर चर्चा टीव्हीवर झालीच नाही. किनॉक यांनी आव्हान दिलं, मेजर यांनी नाकारलं. तशी चर्चा ब्रिटनने पहिल्यांदा पाहिली ती 2010 मध्ये.

चाचण्यांचा खरा परिणाम मात्र वेगळ्याच जागी झाला. सगळे आकडे त्रिशंकू संसद दाखवत असल्याने शेवटचा आठवडा कोण कुणाशी हातमिळवणी करणार यातच गेला. लिबरल डेमोक्रॅटचे नेते पॅडी अॅशडाउन यांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, हवं होतं. मजूर पक्षाने त्यासाठी नेमलेल्या समितीचं काम अजून चालू होतं. 6 एप्रिलच्या टीव्ही कार्यक्रमात किनॉक यांना थेट विचारलं गेलं, तुमचं स्वतःचं मत काय? त्यांनी ते सांगायचं टाळलं. नेत्याच्या ठामपणावरच ज्यांना शंका होती त्यांच्यापुढे हे घडलं. मेजर यांनी लगेच म्हणायला सुरुवात केली की अॅशडाउन यांना दिलेलं मत मागच्या दाराने किनॉक यांना घरात घेईल. मंदी, बेरोजगारी, इस्पितळं मागे पडली आणि किनॉक पंतप्रधान झालेले चालतील का, एवढाच प्रश्न समोर उरला. मजूर पक्षाला सर्वांत अडचणीचा प्रश्न कुठला असेल तर हाच. आणि तो ऐरणीवर आणला चुकलेल्या चाचण्यांनी.

चूक नेमकी कुठे होती

निकालानंतर मार्केट रिसर्च सोसायटी या बाजार-संशोधन क्षेत्रातल्या संघटनेने चौकशी नेमली. तिचा अहवाल 1994 मध्ये आला. चाचण्यांचा कुठलाही आकडा वाचणाऱ्याने हा भाग समजून घ्यावा, म्हणून इथे थोडं थांबतो.

तेव्हाच्या चाचण्या बहुतेक करून समोरासमोरच्या, कोटा पद्धतीच्या. मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीला ठरवून दिलेलं असे: इतके पुरुष, इतक्या बायका, इतके तरुण, इतके निवृत्त, इतके कामगार, इतके कार्यालयीन नोकर. कोटा भरला की काम झालं. आता कोटाच चुकीचा असेल तर? 1980 च्या दशकात ब्रिटनची घडी बदलली होती. कारखान्यांतले कामगार घटले होते आणि कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, घरात भाड्याने राहणाऱ्या दहा लाखांहून अधिक कुटुंबांनी तीच घरं विकत घेतली होती. कोटे मात्र त्या बदलामागे पडलेले. चाचण्यांमध्ये कौन्सिलचे भाडेकरू प्रमाणाबाहेर जास्त आले, दोन गाड्या बाळगणारे कमी आले. पहिले जास्त करून मजूर पक्षाचे, दुसरे हुजूर पक्षाचे.

दुसरं कारण, उत्तर न देणारे. मुलाखतीला नकार देणारे किंवा मत सांगत नाही म्हणणारे यांच्यात हुजूर पक्षाचे मतदार जास्त होते. मंदीच्या काळात, शेजारीपाजारी नोकऱ्या जात असताना, मी सरकारलाच मत देणार असं अनोळखी माणसाला सांगणं अनेकांना अवघड गेलं असावं. त्यांना पुढे लाजरे टोरी (टोरी म्हणजे हुजूर पक्षवाले) म्हणून ओळखलं जाऊ लागलं. याशिवाय पोल टॅक्स चुकवायला काही जण मतदारयादीतून गायब झाले होते. चाचणीत त्यांनी मजूर पक्ष सांगितला, पण मतदान ते करूच शकत नव्हते. हा वाटा लहान होता.

उरलं शेवटच्या क्षणी मत बदलणं. चाचणी संस्थांनी निवडणुकीनंतर त्याच माणसांना पुन्हा गाठलं तेव्हा काही जण खरोखर हुजूर पक्षाकडे वळलेले आढळले. पण एकूण चुकीचा तो एक भागच भरला, निम्म्याहून बराच कमी.

याचा अर्थ स्पष्ट आहे. 1 एप्रिलची ती 4 ते 7 टक्क्यांची आघाडी बहुधा कधी अस्तित्वातच नव्हती. सुरुवातीपासून आखूड असलेल्या फूटपट्टीने एखाद्याची उंची मोजावी आणि पुढे खरी उंची कळल्यावर तो रातोरात खुजा झाला म्हणावं, तसं शेफील्डच्या बाबतीत घडलं आहे. वर्तमानपत्रांच्या प्रभावाचंही तेच. मतदानाच्या दिवशी 'द सन'ने किनॉक यांचा चेहरा दिव्यात बसवून, ते जिंकले तर शेवटी देश सोडून जाणाऱ्याने दिवे मालवावेत, असं पहिलं पान काढलं. निकालानंतर विजयाचं श्रेयही स्वतःकडे घेतलं. पद सोडताना किनॉक यांनीही पराभवाचा दोष हुजूर पक्षाची पाठराखण करणाऱ्या वर्तमानपत्रांना दिला. त्यांच्यावर वर्षानुवर्षं चाललेली चिखलफेक हीन होती, हे मान्य केलंच पाहिजे. तरी त्या एका पानाने देश फिरवला असं म्हणायला पुरावा नाही.

त्याच चाचण्यांतले दुर्लक्षित प्रश्न

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट त्याच चाचण्यांच्या आतल्या पानांवर छापलेली होती. मत कुणाला देणार, या प्रश्नाखाली इतर प्रश्नही असत. चांगला पंतप्रधान कोण? या प्रश्नावर मेजर संपूर्ण प्रचारात किनॉक यांच्या पुढे होते. मंदीचा दोष कुणाचा? लोक जागतिक परिस्थितीचं आणि थॅचर यांच्या सरकारचं नाव घेत, मेजर यांच्या सरकारचं फारच कमी. नेता बदलला तेव्हाच सरकार बदललं, असं अनेकांच्या मनाने घेतलं होतं. म्हणजे मजूर पक्ष आघाडीवर दाखवणाऱ्या नमुन्यातच, जो मुळात त्या पक्षाकडे झुकलेला होता, किनॉक मागे होते. हा इशारा होता, आणि तो पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्याखाली झाकला गेला.

मतमोजणीच्या रात्री पहिली चाहूल एसेक्समधल्या बॅसिल्डनने दिली. लंडनहून हललेल्या कामगार कुटुंबांसाठी युद्धानंतर वसवलेलं हे शहर. भाडेकरूंपैकी कितीतरी जण आता घरमालक झालेले. मजूर पक्षाला सत्ता हवी तर ही जागा हवीच होती. डेव्हिड अॅमेस यांनी ती हुजूर पक्षासाठी 1,480 मतांनी राखली. मात्र लोकांनी हुजूर पक्षाला डोक्यावर घेतलं असंही नाही. साडेसात टक्के मतं जास्त असूनही बहुमत फक्त 21 चं, कारण काठावरच्या मतदारसंघांत मजूर पक्षाने चांगली झुंज दिली. व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गनची जागा 19 मतांनी ठरली. विजयाची आखणी करणारे पक्षाध्यक्ष ख्रिस पॅटन स्वतः बाथमधून हरले.

पुढे काय झालं

पाच महिन्यांनी, 16 सप्टेंबरला, पौंड युरोपच्या विनिमय दर यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे परस्पर दर ठराविक मर्यादेत ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर पडला. एकाच दिवसात व्याजदर 10 वरून 12 आणि मग 15 टक्क्यांवर नेण्याची घोषणा झाली आणि संध्याकाळी सगळं सोडून द्यावं लागलं. अर्थव्यवस्था यांच्या हाती सुरक्षित आहे, हा विश्वास त्या दिवशी तुटला आणि पाच वर्षं परत आला नाही. 1997 मध्ये मजूर पक्षाला 418 जागा मिळाल्या, हुजूर पक्षाला 165.

चाचणी संस्थांनी पद्धती बदलल्या. आयसीएमने यादृच्छिक फोन क्रमांकांवरून मुलाखती घ्यायला आणि मागच्या वेळी मत कुणाला दिलं ते विचारून नमुना दुरुस्त करायला सुरुवात केली. तरी 2015 मध्ये तीच कहाणी पुन्हा घडली. सगळे आकडे बरोबरीचे, निकालात हुजूर पक्ष 36.9, मजूर पक्ष 30.4 टक्के. चौकशीने दोष पुन्हा नमुन्यालाच दिला. आणि हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरून हे मजूर पक्षाचे एड मिलिबँड यांच्यापेक्षा चांगले पंतप्रधान, हे त्याच चाचण्या तेव्हाही सांगत होत्या.

म्हणून नेत्याचा प्रश्न हीच किल्ली, असं धरून चालणाऱ्यांना 2017 ने अडवलं. हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी एप्रिलमध्ये निवडणूक जाहीर केली तेव्हा त्या मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यापेक्षा या प्रश्नावर कितीतरी पुढे होत्या. सात आठवड्यांत वृद्धांच्या देखभालीच्या खर्चाचं धोरण अंगाशी आलं, ते मागे घेताना त्यांची प्रतिमा ढासळली आणि बहुमत गेलं. मतदार तोलत राहतो, आणि एप्रिलचं माप जूनला लागू पडत नाही.

2024 मध्ये शेवटच्या चाचण्यांची सरासरी मजूर पक्षाला सतरा-अठरा टक्क्यांनी पुढे दाखवत होती. प्रत्यक्ष आघाडी दहा टक्क्यांची निघाली. चूक जवळजवळ 1992 एवढीच, पण विजेता तोच राहिल्याने तिची फारशी चर्चा झाली नाही. मजूर पक्षाचे नेते किअर स्टार्मर फारसे लोकप्रिय नव्हते, मात्र हुजूर पक्षाचे पंतप्रधान ऋषी सुनाक त्यांच्याहून कमी लोकप्रिय होते आणि हुजूर पक्षाची मतं रिफॉर्म पक्षाने फोडली होती. स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला 33.7 टक्के मतं आणि 411 जागा मिळाल्या. किनॉक 1992 मध्ये हरले तेव्हा त्यांच्या पक्षाची मतं होती 34.4 टक्के, आणि संख्येनेही स्टार्मर यांच्यापेक्षा सुमारे 18 लाखांनी जास्त.